चार महिने आणि दोन होकार

छोटी तेहतीस वर्षांची होती. ताईने लहानपणी चिकटवलेलं हे नाव लग्नानंतर नवऱ्याने उचललं, नवऱ्याकडून ते दुकानात पोचलं, आणि मग ऐंशी वर्षांची गिऱ्हाइकंसुद्धा दारातून "छोटी आहे का आज?" असं विचारत आत यायला लागली. तिने कधी हरकत घेतली नाही. नवरा जमीनमोजणीच्या खात्यात होता आणि दिवसाला मोजून पन्नास वाक्यं बोलायचा, त्यातली दहा तरी "छोटी" या शब्दाने सुरू होत.

दुकान कानाच्या मशिनांचं होतं. पुढे काउंटर, मधे कान तपासायची आवाजबंद केबिन आणि मागे छोटीची खोली. त्या खोलीत एक फिरती खुर्ची, एक वाकणारा दिवा, साचे घासायचं यंत्र आणि भिंतभर छोटे छोटे खण होते. प्रत्येक खणात कोणाच्या तरी कानाचा साचा. मशीन कानात नीट बसायला ज्याचा त्याचा साचा लागतो. दोरा बांधलेला स्पंजचा तुकडा आधी कानात सरकवायचा, मग पिचकारीने गुलाबी लगदा भरायचा, तो घट्ट होईपर्यंत पाच मिनिटं थांबायचं आणि हलकेच फिरवून बाहेर काढायचा. नऊ वर्षं ती हेच करत होती. तिचा हात असा हलका होता की साचा निघाल्यावर लोक विचारत, "झालं? मला वाटलं अजून घालायचंय."

तिच्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त हेडमास्तर होते. सहा वर्षांपासून त्यांच्या उजव्या कानात मशीन होतं, आणि दर वर्षी ते साचा बदलायला येत तेव्हा छोटीला व्याकरणातला एखादा प्रश्न विचारून गप्प करत. त्या वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. हातपाय शाबूत घेऊन ते घरी आले आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण पंधरा दिवसांनी त्यांच्या पत्नी त्यांना घेऊन दुकानात आल्या. छोटी त्यांना काकू म्हणायची.

"यांना अजिबात ऐकू येईनासं झालंय," काकू म्हणाल्या. "काही विचारलं की नुसते बघत बसतात."

छोटीने मशीन साफ केलं, साचा तपासला, तो किंचित सैल वाटला म्हणून नवा केला. दुकानाचे मालक, ज्यांना ती काका म्हणायची, त्यांच्या सांगण्यावरून तिने आवाजही थोडा वाढवला. तीन आठवड्यांनी काकू परत आल्या. पुन्हा साचा, पुन्हा आवाज. असं चार महिने चाललं. सर खुर्चीत बसत, मान हलवत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दर खेपेला जरा जास्त थकवा असे.

एका मंगळवारी छोटी त्यांच्या पाठीमागे उभी राहून खणात काहीतरी शोधत होती. सवयीने, मागे न बघता ती म्हणाली, "सर, जरा खुर्ची पुढे घेता का? मला खालचा खण उघडायचाय."

सरांनी खुर्ची पुढे घेतली.

छोटी तशीच उभी राहिली. मग तिने त्यांच्या मागूनच, अगदी बेताच्या आवाजात म्हटलं, "सर, टेबलावरची कात्री द्याल?"

त्यांनी कात्री उचलून खांद्यावरून मागे केली.

ती समोर आली, कात्री त्यांच्यापुढे धरली आणि विचारलं, "हे काय आहे, सर?"

सरांनी कात्रीकडे पाहिलं. तोंड उघडलं. "ते... ते... ते हे..." दोन बोटं उघडून मिटून त्यांनी हवेत कापून दाखवलं. शब्द येत नव्हता. चाळीस वर्षं ज्यांनी मुलांना शब्दांच्या जाती शिकवल्या त्यांना कात्री म्हणता येत नव्हतं. त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी मान फिरवली.

छोटी बाहेर गेली. काकू बाकावर बसल्या होत्या. "काकू, सरांना ऐकू येतंय," ती म्हणाली. "पहिल्यापासून येतंय. त्यांना शब्द सापडत नाहीयेत."

काकूंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आणि मी चार महिने त्यांच्यावर ओरडतेय."

छोटीला ते वाक्य काकूंपेक्षा जास्त लागलं. काकू ओरडत होत्या आणि ती आवाज वाढवत होती. दोघी मिळून त्या माणसाच्या कानात चार महिने नुसता गोंगाट भरत होत्या.

सरकारी दवाखान्यात आठवड्यातून दोनदा एक स्पीच थेरपिस्ट बसायच्या. छोटीने स्वतः जाऊन सरांचं नाव घातलं. नंबर लागायला सात आठवडे गेले. पहिल्या दिवशी काकूंनी तिलाही बरोबर यायला सांगितलं, सरांनीही मान डोलावली, म्हणून ती कोपऱ्यात बसली. थेरपिस्टनी सरांसमोर एक पेला ठेवला आणि काही न विचारता थांबल्या. छोटीला ती शांतता सोसवेना. तिच्या ओठावर शब्द येऊन ठेपला होता. थेरपिस्ट मात्र स्वस्थ, जणू त्यांना दुसरं कुठलंच काम नव्हतं. शेवटी त्यांनी हलकेच एक धागा दिला, "आपण यातून पाणी..." आणि सर म्हणाले, "पितो. पेला. पेला!" दुसऱ्या वेळचा पेला त्यांनी वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात म्हटला.

त्या दिवसापासून छोटीच्या डोक्यात भुंगा शिरला. तो गुणगुणत असतानाच तिने चौकशी केली. पदवी तिची विज्ञानातली होती, पण हे शिकायचं तर आधी शरीररचना, ध्वनिशास्त्र, भाषा कशी येते याचे विषय करावे लागणार होते. ते तिने दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गांत केले. त्याच थेरपिस्टच्या कोपऱ्यात बसून निरीक्षणाचे पंचवीस तास भरले. सर तोवर लहान लहान वाक्यं बोलू लागले होते. लांब वाक्याच्या मध्यावर अजूनही अडत, पण अडल्यावर आता हसत. आणि मग अर्ज करायची वेळ आली.

"पस्तिसाव्या वर्षी?" ताई म्हणाली. ताई वकील होती आणि कुठल्याही बातमीची सुरुवात उलटतपासणीने करायची.

"शिकून होईपर्यंत सदतीस," छोटी म्हणाली.

"म्हणजे आणखीच!"

"मी शिकले नाही तरी सदतीस होणारच आहे ना, ताई?"

ताईने कागद मागितले. तिचं प्रेम असंच होतं. ती आधी भांडायची आणि मग कामाला लागायची.

पाच ठिकाणी अर्ज करायचे ठरले. प्रत्येकाला गुणपत्रिका, तीन शिफारसपत्रं आणि एक निबंध हवा होता: आपल्याला हेच का शिकायचंय. निबंधावर छोटी तीन आठवडे बसली. तिने सरांची हकीकत लिहिली. ताईने ती वाचली आणि लाल पेनाने निम्मी उडवली. परत आलेल्या निबंधात छोटी म्हणजे एक तीक्ष्ण नजरेची बाई होती, जिने डॉक्टरांच्या हातून निसटलेली गोष्ट एका क्षणात पकडली. चार महिने गायब होते.

"हे खरं नाही," छोटी म्हणाली.

"यात एक तरी वाक्य खोटं दाखव."

"वाक्यं खरी आहेत गं. पण मी अशी नाही. मी तीन साचे केले त्यांचे. तीन! आधी कळलं नाही मला."

"अगं, अर्ज आहे हा, कबुलीजबाब नाही. समोरच्याच्या हातात आपणहून काठी कोण देतं?"

छोटीने ताईचे आभार मानले, घरी आली आणि निबंध पुन्हा लिहिला. सुरुवातच केली: "एका माणसाला ऐकू येत होतं आणि चार महिने मी त्याच्या मशीनचा आवाज वाढवत राहिले." नवऱ्याने तो उभ्या उभ्या वाचला, परत दिला आणि म्हणाला, "हे तुझं वाटतं." त्या दिवसाच्या पन्नास वाक्यांतलं ते एक होतं.

शिफारसपत्रांपैकी दोन सहज मिळाली, एक थेरपिस्टचं आणि एक संध्याकाळच्या वर्गातल्या शिक्षकांचं. तिसरं काकांकडून हवं होतं, आणि काका रुसले होते. ती जाणार हे कळल्यापासून पंधरा दिवस ते तिच्याशी फक्त कामापुरतं बोलत होते, तेही तिच्याकडे न बघता, साच्यांच्या खणांकडे तोंड करून. सोळाव्या दिवशी ते तिच्या खोलीत आले.

"पत्र लिहितो," ते म्हणाले. "पण मला गॅरंटी कार्ड सोडून काही लिहिता येत नाही, हे तुला ठाऊक आहे."

"जमेल तसं लिहा, काका."

"आणि तू बघायचं नाहीस. बंद पाकिटात देणार. नियमच आहे तसा."

"नाही बघणार."

"चांगलं लिहीन असं समजू नकोस," काका म्हणाले आणि नाक पुसत निघून गेले.

अर्ज गेले. मग वाट बघणं आलं. छोटी साचे घासताना दारावरच्या पत्रांच्या पेटीचा विचार करायची आणि एकदा तर तिने एका बाईंचा डावा साचा उजव्या खणात ठेवला, जे अकरा वर्षांत झालं नव्हतं. पहिलं उत्तर आलं ते नकाराचं. दुसरंही. तिसऱ्यांनी कळवलं की नाव प्रतीक्षायादीत आहे, आणि पुढे कधीच काही कळवलं नाही.

चौथ्यांनी मुलाखतीला बोलावलं, स्क्रीनवरून. ही सगळ्यात नावाजलेली संस्था होती आणि पाच तासांच्या अंतरावर होती. घरासमोर रस्ता खणत होते, म्हणून मुलाखत कुठे द्यायची हा प्रश्न पडला. काका म्हणाले, "आपली केबिन आहे की. बाहेर बॉम्ब पडला तरी कळणार नाही." तेव्हा छोटी कान तपासायच्या केबिनमध्ये, हेडफोनच्या खुंट्या मागे दिसू नयेत अशी सरकून बसली आणि काका काचेबाहेर उभे राहून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ओठांवर बोट ठेवून गप्प करू लागले. त्या काचेतून आवाज जातच नाही, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

स्क्रीनवर एक उंच, करड्या केसांच्या मॅडम होत्या. हसल्या नाहीत. निबंध समोर धरून त्यांनी विचारलं, "चार महिने लागले?"

"हो."

"का?"

ताईने पढवलेली तीन उत्तरं छोटीच्या मनात होती. तिने त्यातलं एकही दिलं नाही. "माझ्याकडे साचे करायचं सामान होतं," ती म्हणाली, "म्हणून मला साच्यातच दोष दिसत राहिला."

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या मालकांनी लिहिलंय की साचा काढताना तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलत नाही. हा गुण म्हणून लिहिलंय की तक्रार?"

छोटीला हसू आलं. "कान बंद असतो ना तेव्हा. लगदा भरलेला असतो. माणसाला काही ऐकू येत नाही आणि तो घाबरतो. म्हणून मी समोर बसते, त्याला माझा चेहरा दिसेल अशी. पाच मिनिटं."

"आणि काय करता?"

"काही नाही. बसते."

मॅडमनी पुन्हा लिहिलं. मुलाखत संपली. छोटी बाहेर आली तेव्हा काकांचा चेहरा घामाने डबडबला होता. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "माझं पत्र वाचलं का त्यांनी?"

"वाचलं. पण माझं काही खरं नाही, काका. त्या एकदाही हसल्या नाहीत."

बारा दिवसांनी होकार आला. त्याच आठवड्यात पाचव्या संस्थेचाही आला, आणि ही संस्था घरापासून बसने वीस मिनिटांवर होती.

ताईला यात निवडण्यासारखं काही दिसेना. नवरा इथे, घर इथे, संस्था वीस मिनिटांवर, मग चर्चा कसली? खरं म्हणजे छोटीलाही तसंच वाटत होतं. तरी दोन्हीकडे नव्या विद्यार्थ्यांसाठी भेटीचा दिवस ठेवला होता आणि तिने दोन्हीकडे जायचं ठरवलं.

जवळची संस्था आधी. एका जुन्या पोस्टाच्या इमारतीचा पहिला मजला, खिडक्यांत कुंड्या, दारातच चहा. विभागप्रमुख बाई गोल चेहऱ्याच्या, मायाळू. त्यांनी छोटीचा हात हातात घेऊन म्हटलं, "तुमचा निबंध वाचताना मी रडले हो." सगळेच गोड होते. तासाभरात छोटीला वाटायला लागलं की आपण इथे अनेक वर्षं येतोय.

मग नव्या विद्यार्थ्यांना एका सत्राला बसवलं. पहिल्याच वर्षाची एक विद्यार्थिनी एका वयस्क सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांबरोबर काम करत होती. झटक्यानंतर त्यांचीही वाचा गेली होती.

"मला... मला..." गृहस्थ म्हणाले.

"पाणी हवंय?" विद्यार्थिनीने विचारलं. त्यांनी मान हलवली, हो म्हणून.

पाणी आलं. त्यांनी पेला बाजूला ठेवला. "मला... ते... मला..."

"खिडकी बंद करू?" मान हलली. खिडकी बंद झाली. "मला..." "दमलात का?" मान हलली. सगळे प्रेमाने हसले आणि विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "छान चाललंय!"

छोटी त्या गृहस्थांच्या कानाकडे बघत होती. मशीन डाव्या कानात होतं आणि विद्यार्थिनी उजव्या बाजूला बसली होती. सत्र संपल्यावर तिने त्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं, "त्यांना नेमकं काय हवं होतं, कळलं का तुला?"

"नाही ना," मुलगी म्हणाली. "पण ते कधी रागवत नाहीत हो. फार गोड आहेत."

"एकदा त्यांच्या डाव्या बाजूला बसून बघ."

मुलगी लगेच गेली, खुर्ची फिरवून डावीकडे बसली, काहीतरी बोलली, आणि त्या गृहस्थांनी दोन्ही हात वर करून "हां!" म्हटलं. ते इतका वेळ तेच मागत होते. खोलीत टाळ्या वाजल्या. विभागप्रमुख बाईंनी छोटीच्या पाठीवर थाप दिली. "बघा! अशीच माणसं हवीत आम्हाला. तुम्ही आलात की आम्हालाच शिकवाल."

छोटी आनंदात घरी निघाली. बसमध्ये बसल्यावर तो आनंद हळूहळू कमी होत गेला. का, ते तिला कळेना. कौतुक झालं होतं, माणसं चांगली होती. उतरायच्या स्टॉपवर तिच्या लक्षात आलं की टाळ्या वाजल्यावर कोणीही त्या मुलीला हे विचारलं नाही की आतापर्यंतच्या सत्रांत ती कुठल्या बाजूला बसत होती.

पुढच्या आठवड्यात ती पहाटेच्या गाडीने लांबच्या संस्थेत गेली. इमारत काचेची आणि थंड. चहा यंत्रातून, तोही स्वतःच घ्यायचा. करड्या केसांच्या मॅडमनी तिला ओळखलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. भेटीला आलेल्या आठ जणांना त्यांनी एका अंधाऱ्या खोलीत नेलं. समोर मोठी काच होती, पलीकडून आरसा दिसणारी. पलीकडे एक विद्यार्थिनी एका बाईंना चित्रांची कार्डं दाखवत होती. आतल्या बाईंनी संमती दिलीय, असं मॅडमनी आधीच सांगितलं.

"हे काय आहे?" विद्यार्थिनीने किल्लीचं चित्र धरून विचारलं. बाई गप्प. विद्यार्थिनीने थोडं थांबून कार्ड खाली ठेवलं, वहीत खूण केली आणि पुढचं कार्ड उचललं.

मॅडम उठल्या, बाजूच्या दारावर टकटक केली आणि तिला अंधाऱ्या खोलीत बोलावलं. छोटी खुर्चीत पुढे सरकली. आठ परक्या लोकांसमोर या मुलीला बोलणार की काय?

"तू काय विचारलंस?" मॅडमचा आवाज अगदी साधा होता.

"किल्ली. चित्र."

"त्यांनी काय उत्तर दिलं?"

"दिलं नाही."

"दिलं. उजव्या हाताने कुलूप उघडलं त्यांनी, मांडीवर. तू कार्डाकडे बघत होतीस."

मुलगी लाल झाली. मग म्हणाली, "आत जाऊन सांगू का त्यांना?"

"तूच ठरव."

ती आत गेली, खुर्ची जवळ ओढून बसली आणि कार्डं बाजूला सारून म्हणाली, "माझं चुकलं. तुमच्या हाताकडे मी पाहिलंच नाही. पुन्हा एकदा करूया?" त्या बाई हसल्या. त्यांनी पुन्हा हवेत किल्ली फिरवली, आणि ती फिरवता फिरवता त्यांच्या तोंडून "कि... किल्... किल्ली" असं बाहेर पडलं.

जेवणाच्या सुट्टीत छोटीने त्या विद्यार्थिनीला कॅन्टीनमध्ये गाठलं. "मॅडम नेहमी असं करतात?"

"पहिल्या सहामाहीत रोज," ती म्हणाली. "मी दोनदा बाथरूममध्ये जाऊन रडलेय. खोटं कशाला बोलू?"

"सोडून जावंसं वाटलं?"

"वाटलं की. पण आता मी घरी बसून एखाद्याशी बोलतानासुद्धा हात बघते त्याचे." तिने पाव मोडला. "तुम्ही येणार का?"

"माहीत नाही," छोटी म्हणाली. पण गाडीत बसेपर्यंत तिला माहीत झालं होतं, आणि पाच तासांच्या परतीच्या प्रवासात ती फक्त हे घरी कसं सांगायचं याचा विचार करत होती.

सांगायला तिने शनिवारची सकाळ निवडली. नवरा बूट पॉलिश करत होता.

"मला लांबचं घ्यावंसं वाटतंय," ती म्हणाली.

त्याचा ब्रश थांबला नाही. "का?"

तिने दोन्ही खोल्यांत काय पाहिलं ते सांगितलं. "जवळच्या ठिकाणी सगळे माझं कौतुक करतील रे, आणि मला ते आवडेल. तेच भीतीचं आहे. माझं चुकत असताना मला कोणीतरी थांबवलं पाहिजे. सरांच्या वेळी कोणी थांबवलं नाही. चार महिने."

त्याने दुसरा बूट घेतला. बराच वेळ घासला. मग म्हणाला, "मला जवळचं हवं होतं. सांगून ठेवतो, मागाहून मनात ठेवलं असं नको."

"मग तसं कर म्हण."

"नाही म्हणणार. माझ्यासाठी तू इथे राहिलीस तर दोन वर्षं तुझ्या तोंडाकडे बघायची मला चोरी." त्याने बूट उजेडात धरून पाहिला. "दर एका आठवड्याआड मी येईन. मधल्या आठवड्यांत तू नको येऊस, अभ्यास कर. सुट्टीत ये."

एवढी वाक्यं त्याने एका दमात बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली आणि उरलेली पॉलिश तिने आपल्या चपलांना लावली.

ताई रागावली. वीस मिनिटांचं सोडून पाच तासांचं घेणं म्हणजे हातातलं फेकून धावणं, असं तिने तीन वेगवेगळ्या प्रकारे सिद्ध केलं. छोटीने ऐकून घेतलं. शेवटी ताई म्हणाली, "निबंधात ते चार महिने ठेवलेस ना तू?"

"ठेवले."

"आणि तरी त्यांनी घेतलं?"

"त्याबद्दलच विचारलं."

ताईने चष्मा काढला. मग तो पुसत म्हणाली, "बरं. भाड्याच्या खोलीचा करार मला दाखवल्याशिवाय सही करायची नाही."

सगळ्यात कठीण होता तो जवळच्या संस्थेला नकार देण्याचा फोन. विभागप्रमुख बाई मनापासून हळहळल्या. "अहो, का? आम्ही कुठे कमी पडलो?"

काहीतरी गुळमुळीत सांगून सुटता आलं असतं. छोटीने एक श्वास घेतला. "तुम्ही सगळ्यांनी फार प्रेमाने वागवलंत. पण त्या दिवशी ते गृहस्थ कान दुसरीकडे आहे हे सांगायचा प्रयत्न करत होते, आणि ते फक्त मला दिसलं, कारण माझं ते कामच आहे. त्या मुलीला नंतर कोणी काही म्हटलं नाही. मी तिच्या जागी असते तर मला कळलंच नसतं की माझं काही चुकलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हं," बाई म्हणाल्या. आवाज बदलला होता, पण त्यात राग नव्हता. "आम्ही मुलांना जपतो फार. पहिल्या वर्षी नाउमेद होऊ नयेत म्हणून." पुढे त्या म्हणाल्या, "त्या मुलीशी बोलते मी. आणि स्वतःशीही." मग त्यांनी छोटीला शुभेच्छा दिल्या, आणि त्या वरवरच्या वाटल्या नाहीत.

दुकानातला शेवटचा महिना काकांनी नव्या मुलीला शिकवण्यात घालवला. लगदा कसा मळायचा हे ते तिला छोटीसमोर मुद्दाम चुकीचं सांगत, म्हणजे छोटीला मधे बोलावं लागे. सर आणि काकू निरोप द्यायला आले. सरांनी बरंच मोठं वाक्य सुरू केलं, मध्यावर अडले, हसले, आणि वाक्य सोडून देऊन बोट उगारत म्हणाले, "अभ्यास कर."

वर्ग सोमवारी सकाळी आठला सुरू झाले. चोवीस जणांत छोटी सगळ्यात मोठी होती. शेजारी येऊन बसलेल्या बाविशीच्या मुलीने तिला आधी "मॅडम" म्हटलं आणि मग जीभ चावली. पहिला तास स्वरयंत्राचा होता. शिकवणारे सर बुटके, उत्साही. त्यांनी ना फळ्यावर काही लिहिलं ना पुस्तक उघडलं.

"सगळ्यांनी गळ्यावर हात ठेवा," ते म्हणाले. "इथे नाही, जरा खाली. आता तोंड मिटून म म्हणा. लांबवा."

चोवीस जणांनी गळ्याला हात लावले. आधी दोघाचौघांचा आवाज निघाला, मग कोणीतरी हसलं, मग पुन्हा सगळे गंभीर झाले आणि खोलीभर एक लांबलचक गुणगुण सुरू झाली. छोटीला बोटांखाली आपला गळा थरथरताना जाणवला. शेजारच्या मुलीने तिच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं.

"थांबू नका," सर म्हणाले. "दम संपेपर्यंत."